बसायची भीती

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्यांच्या जबड्यांचे साचे. सकाळी मात्र कधी पोहायची, कधी सायकल दामटायची, कधी पळायची. ट्रायथलॉनच्या स्पर्धेत हे तिन्ही एकापाठोपाठ एक करायचं असतं, आणि चाळिशी उलटल्यावर तिनं ते मनावर घेतलं होतं. सरावाच्या ग्रुपमधले तिला ‘कवळीताई’ म्हणायचे.

“आठवड्यातून एक दिवस नुसतं लोळायचं,” कोच बजावायचे. ती मान डोलवायची आणि नेमकी त्याच दिवशी गुपचूप पळून यायची. कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या थोरल्या बहिणीची डावी बाजू याच वयात लुळी पडली होती. तेव्हापासून ताई खिडकीजवळच्या खुर्चीतच होती. आपण थांबलो की आपलीही तीच गत, हे हिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

मग एके सकाळी तळ्याच्या मधोमध तिचा डावा हात उचलेना.

आला! ताईसारखाच झटका, तिला वाटलं. ती उताणी झाली, पाय मारत राहिली. हाक मारायला तोंड उघडलं तर पाणी आत गेलं, आवाज फुटेना. वाचाही गेली की काय? कोच होडी वल्हवत आले, तिला काखेत धरून वर ओढलं, तेव्हा ती एकच विचारत होती, “माझं तोंड वाकडं झालंय का हो?”

डॉक्टरांनी सगळं तपासलं. “झटकाबिटका काही नाही. खांदा पार थकलाय. व्यायामानं शरीर झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. तुम्ही भरून यायला वेळच देत नाही. आता काही दिवस पूर्ण आराम.”

हायसं वाटण्याऐवजी तिला दरदरून घाम फुटला. तळ्यातून निदान बाहेर तरी पडता आलं होतं, या आरामातून कुठं पळणार?

घरी ती पलंगावर पडली. ती उठून आरशात हसून बघायची, बोटं हलवायची, पुन्हा पडायची. शेवटी बूट चढवले आणि पळत सुटण्याऐवजी, का कोण जाणे, रिक्षा करून ताईकडे गेली. दारातच तिला रडू फुटलं. सगळं भडाभडा सांगून टाकलं.

ताईचे शब्द अडखळत यायचे, पण धार तीच होती. “वेडाबाई, मी बसले म्हणून पडले नाही. पडले म्हणून बसले.” मग म्हणाली, “माझा रक्तदाब वाढलेला होता. गोळ्या टाळल्या मी. तुझा रक्तदाब किती?”

“चांगला आहे.”

“मग झोप मुकाट्यानं. आणि ते बूट काढ, चादर आजच बदललीय.”

ती ताईच्या पलंगावर आडवी झाली. जीव मुठीत धरून, डोळे उघडे ठेवून. कधी डोळा लागला ते कळलंच नाही. दचकून जागी झाली तेव्हा डावा हात बधिर! ती किंचाळणार, तोच हाताला मुंग्या आल्या. अंगाखाली दबला होता, एवढंच.

स्पर्धा तिनं पुढच्या वर्षी पूर्ण केली, शेवटून तिसरी. आरामाच्या दिवशी ती अजूनही घाबरते, पण पळत नाही. दुपारी ताईकडे जाते आणि दोघी झोपतात.