मीनाच्या टेबलावरची सुई
नागपूर स्टेशनवर उतरताच आमच्या पुण्याच्या चर्चमधल्या बायका मीनाची बॅग घ्यायला धावल्या. माझी माझ्याच हातात राहिली. चष्म्यांच्या शिबिराला मी चार वर्षं येतेय, आणि मीनाला यंदा मीच आणलेलं. गटप्रमुख सुशीलाताई यंदानंतर हे काम सोडणार होत्या. पुढचं शिबिर कोणाकडे, ते परतीच्या गाडीत सांगणार होत्या. ते मला हवं होतं, अगदी फार हवं होतं.

एसटीने नरखेड तालुक्यातल्या गावी पोचलो. रस्ताभर संत्र्यांच्या बागा. समाजमंदिरात आमची दोन टेबलं लागली. मी अक्षरांचं कार्ड समोर धरायचे, बाईने बारीक ओळ वाचली की तो चष्मा तिचा. माझी रांग भराभर सरकत होती. मीना मात्र एकेकीला चष्मा लावून सुईत दोरा ओवायला बसवत होती. तिच्याकडे हसणं-खिदळणं चाललेलं, आणि माझ्या रांगेतल्या बायकाही माना वळवून तिकडेच बघायच्या. माझा नुसता जळफळाट होत होता.

दुपारी गोळाभात (डाळीचे मसालेदार गोळे घातलेला भात) होता. वाढणाऱ्या बाईंनी मीनाला दोनदा आग्रह केला, मला एकदा. मी तेही मनात धरून ठेवलं.

जेवून उठले तर सकाळी माझ्याकडून चष्मा नेलेल्या कौसल्याबाई दारात उभ्या.

"बाई, हा घालून तांदळातले खडे काही दिसून नाही राहिले."

"मग सकाळी ओळ कशी वाचलीत?"

"माह्यासमोरची जे बोलली, तेच मी बोलली. मले कुठं वाचता येते वं! आमच्यातल्या कितीकजणी तशाच. चारचौघीत सांगाले लाज वाटते."

म्हणजे माझी जवळजवळ अख्खी रांग एकमेकींचं ऐकून पाठ म्हणत होती, आणि मी खुशीत चष्मे वाटत होते! आसपास कोणी नव्हतं. कौसल्याबाईंना दुसरा चष्मा देऊन गप्प बसता आलं असतं, आणि तो विचार मी केलाही. पण त्या डोळे चोळत माझ्याकडे बघत होत्या. मी सुशीलाताईंकडे गेले आणि म्हणाले, "ताई, माझी रांग चुकली. सगळ्यांना परत बोलवावं लागेल."

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून हाक गेली. बायका परत आल्या. मी मीनाशेजारी बसून दोरे तोडून देत राहिले. आमची ठरलेली एसटी चुकली.

परतीच्या गाडीत ताईंनी मीनाचं नाव घेतलं. मी अभिनंदन केलं आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिले.

माणसाला लाज वाटेल अशी परीक्षा घेऊ नये, एवढं मी या सेवेत शिकले. मत्सराचं मात्र काही जमलं नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकांनी मीनाला शिबिराबद्दल बोलायला उभं केलं. स्वतःविषयी एक शब्द न काढता ती माझ्याबद्दलच बोलली. हिने स्वतःची चूक स्वतः सांगितली म्हणून त्या बायकांना नीट दिसतंय, म्हणाली. चर्चमधल्या बायकांचे डोळे पाणावले, सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांत उभी राहून मी विचार करत होते, हिला इतकं छान बोलता तरी कसं येतं!