वळसेकाकांचा लांबचा रस्ता

वळसेकाकांची रिक्षा सरळ रस्त्याने कधी जात नसे. ज्योतीनगरातल्या आपल्या घरून गुलमंडीला जायचे तर पैठण गेटवरून जाणारा रस्ता जवळचा. पण काका समर्थनगर, निराला बाजार, औरंगपुरा असा फेरा घालत. मी घड्याळ लावून पाहिले होते, अकरा मिनिटे जास्त लागत. त्यांचे खरे नाव नामदेव. 'वळसेकाका' हे नाव, ईशान, तू सात वर्षांचा असताना सुट्टीत ठेवलेस. ते त्यांना इतके आवडले की पुढे फोनवरही ते "वळसे बोलतोय" असेच म्हणत.

रेवा, मागच्या रविवारी तू मला विचारलेस, "आजी, वळसेकाका आता बरे झाले का?" मी तुला नीट उत्तर न देता जेवलीस का म्हणून विचारले. हे तुझ्या लक्षात आले असेल. तुमच्या लहानपणी जे तुमच्यापासून लपवले ते आता लपवण्याचे कारण नाही, म्हणून हे दोघांसाठी लिहून पाठवते आहे.

काका दारू पीत असत. वाळूजच्या एका कारखान्यात ते प्रेस मशीनवर कामाला होते आणि बजाजनगरात एका खोलीत राहत. दारूपायी नोकरी गेली. पत्नी आजारपणात गेली, तेव्हाही ते शुद्धीवर नव्हते. एकुलती मुलगी मंगल लग्न होऊन चितेगावला गेली ती बापाशी बोलणे टाकूनच. त्यानंतर कधीतरी ते व्यसनमुक्ती केंद्रात गेले, प्यायचे थांबले, आणि रिक्षा चालवू लागले. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्या थांबण्याला चार वर्षे झाली होती. मला यातले काहीच माहीत नव्हते. माहीत होते ते एवढेच, की हा माणूस मला गुलमंडीच्या कॉलेजात उशिरा पोचवतो.

"नामदेवराव, हा कुठला रस्ता? मला साडेदहाला वर्गात उभं राहायचंय."

"ह्यो माझा रस्ता हाय, मॅडम."

"मग तो पैठण गेटचा कोणाचा?"

"तो दारूच्या दुकानाचा," ते मागे न पाहता म्हणाले. "तिकडं लागलं का रिक्षा आपसूक थांबती. मला विचारत नाय."

दुसऱ्या दिवसापासून मी अकरा मिनिटे आधी घरातून निघू लागले.

संध्याकाळचे सहा ही त्यांची अवघड वेळ. कारखान्यात असताना त्याच वेळी सुट्टी होई आणि सगळे मिळून दुकानाकडे वळत. म्हणून पावणेसहाला ते कुठेही असले तरी रिक्षा कडेला घेत आणि स्टीलच्या छोट्या डब्यातले फुटाणे खात. गिऱ्हाईक बसलेले असले तर त्यालाही मूठभर देत. "उपाशी पोटाला दारू आधी आठवती, भाकर मागून," हे त्यांचे म्हणणे. तुम्ही दोघांनी किती फुटाणे खाल्लेत त्या डब्यातले! तुम्हाला वाटे, काका लाड करतात. ते खरे तर सहाची वेळ पार करत असत, आणि तुमची त्यांना सोबत होई. सहाच्या ठोक्याला ते दारू थांबवलेल्यांच्या आपल्या गटातल्या एका जुन्या सोबत्याला फोन लावत, दोनच शब्द बोलत आणि पुन्हा रिक्षा सुरू करत.

चाळीस वर्षे मी मुलांना इंग्रजी शिकवले, पण माझ्या इंग्रजीचा उपयोग त्यांनी वेगळाच करून घेतला. खोकल्याचे औषध असो, की कुणी दिलेले शक्तीचे टॉनिक, बाटली आधी माझ्याकडे यायची. "मॅडम, बघा बरं, ह्यात ती हाय का?" मी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचायचे आणि सांगायचे. एकदा तुमच्या बाबाने नाताळचा केक आणला होता. रेवा, तू मोठ्या प्रेमाने एक तुकडा काकांना नेऊन दिलास. त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी खोक्यावर वाचले, रम होती. मी मान हलवली. त्यांनी तो तुकडा कागदात गुंडाळून तुला परत दिला, तेव्हा तू रडलीस. "बाळा, माझं पोट बारकं हाय," ते म्हणाले. तुझी समजूत काढायला मला पूर्ण दुपार लागली.

"तुमची दारू सुटून किती वर्षं झाली?" असे कुणी विचारले की ते चिडत. "सुटली म्हणू नका. थांबली म्हणा." मला हा निव्वळ हट्ट वाटे. एकदा भर उन्हात, सिग्नलला उभे असताना, त्यांनी आपणहून सांगितले, "कटाळा येतो, मॅडम. दारूबिगर राहायचा नाय, राखणीचा येतो. रानात राखण केली तरी पीक घरात येईस्तोवर. हिला सुगीच नाय." तेव्हा त्यांचा चेहरा इतका थकलेला दिसला, की मी छत्री आवरण्याचे निमित्त करून खाली पाहिले.

आता माझी चूक सांगते. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

काकांच्या थांबण्याला दहा वर्षे होत आली होती. आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन होता आणि मी चिटणीस. सत्कारासाठी नावे सुचवायची वेळ आली तेव्हा मी वळसेकाकांचे नाव सुचवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना सांगितले तर त्यांनी हात जोडले.

"नको, मॅडम. हार-बीर नको. मला भ्या वाटतं."

"अहो, भ्यायचं काय त्यात? चार लोकांना उदाहरण होईल."

"उदाहरण नका करू मला."

मला तो संकोच वाटला. शिस्तीच्या माणसाला दुसऱ्याची भीतीही बेशिस्तच वाटते. मी चितेगावला मंगलला निरोप पाठवला आणि ती येते म्हणाली. मग मात्र काकांना नाही म्हणता येईना. इतक्या वर्षांत लेक पहिल्यांदाच बापासाठी कुठे येणार होती.

गुलमंडीजवळच्या सभागृहात कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ आणि मी माझ्या अक्षरात लिहून चौकटीत घालून आणलेले मानपत्र. 'व्यसनातून कायमचे मुक्त झालेले' असे त्यात मी लिहिले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता काय, किल्ला जिंकला तुम्ही!" मंगल पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. नंतर ती मला म्हणाली, "घरामागं एक खोली काढतोय, मॅडम. दिवाळीनंतर आबान्ला तिकडंच नेते. एकटं लई राह्यले." काका ते ऐकून नुसते शालीचे गोंडे कुरवाळत राहिले.

परतताना मंगल आणि मी मागे बसलो होतो. रिक्षा औरंगपुऱ्याकडे वळलीच नाही. काकांनी ती सरळ पैठण गेटच्या रस्त्याला घातली. ते दुकान आले आणि मागे गेले. मंगलने सीटची कड घट्ट धरलेली मी पाहिली, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. मी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "बघा नामदेवराव, झालं का काही? अकरा मिनिटं वाचली." काका आरशातून माझ्याकडे पाहून हसले. तसे मोकळे हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिले नव्हते, आणि मला फार बरे वाटले.

महिनाभरातच एका गुरुवारी रिक्षा आली नाही. फोन बंद. चौथ्या दिवशी मंगल दारात उभी राहिली. ये म्हटले तर आत आली नाही.

"पिऊन पडलेत खोलीत. शेजाऱ्यांनी कळवलं."

"अगं, पण असं अचानक..."

"अचानक कुठलं, मॅडम? त्या दिशी आबांनी सरळ रस्ता धरला, तवाच मी वळखलं व्हतं. तुम्ही तर वरून शाबासकी दिली." ती पायऱ्या उतरली, पुन्हा वळली. "घरामागची खोली आता भाड्यानं देणार. सांगा त्यान्ला."

मी बजाजनगरला गेले. काका खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. शाल घडी करून उशाला ठेवलेली. मानपत्र जमिनीवर होते, भिंतीकडे तोंड करून.

"मला वाटलं, आता आपून पास झालो," ते हळू म्हणाले. "म्हणलं, मानपत्रच हाय हातात, दुकान काय करतं? म्होरं उभा राहून बघू. दोन दिवस नुसता उभा राह्यलो. तिसऱ्या दिवशी आत गेलो."

"चूक माझी आहे, नामदेवराव."

"तुमची कशी? प्यालो मी." त्यांनी मानपत्राकडे पाहिले. मग ते म्हणाले, "पण 'कायमचं' लिहायला नको व्हतं, मॅडम."

मी ते मानपत्र घरी आणले. अजून माझ्या कपाटात तळाशी आहे.

काका पुन्हा केंद्रात गेले, पुन्हा परत आले. निम्मे झाले होते. पहिल्या दिवशी फाटकाशी येऊन त्यांनी हॉर्न वाजवला नाही, नुसते उभे राहिले. मी बसले आणि कोपरा येताच म्हणाले, "औरंगपुऱ्यावरून घ्या." त्यांनी आरशातून पाहिले, पण हसले नाहीत. गुलमंडीला उतरताना मी विचारले, माझ्याने काही होण्यासारखे आहे का. त्यांचा फोनवरचा सोबती मुलाकडे गावी निघून गेला होता आणि तिथे फोन लागत नसे. ते म्हणाले, "सहाला फोन करा. समजावून सांगू नका, शाबासकी बी नको. फकस्त विचारा, आज? मी म्हणंन, आज नाय."

याला आता सहा वर्षे होतील. सहाला मी फोन करते. लग्नाच्या पंगतीतून उठून केला आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हा नर्सला पहिला प्रश्न विचारला तो किती वाजले हा. बाळांनो, खरे सांगते, मलाही कंटाळा येतो. एखाद्या संध्याकाळी वाटते, आजचा राहिला तर काय होणार आहे? मग मला तो सिग्नल आठवतो. मी दिवसातून एकदा फोन उचलते. ते दिवसभर राखण करतात.

मंगल दोन वर्षे बोलली नाही. पण शेजाऱ्यांकडून चौकशी करत असावी. मग एका शुक्रवारी तिने बापाला जेवायला बोलावले, मग दर शुक्रवारी. गेल्या वर्षी काकांची दृष्टी अधू झाली आणि रिक्षा विकावी लागली, तेव्हा तिने भाडेकरूला खोली सोडायला सांगितली.

जायच्या दिवशी सकाळी काका निरोप घ्यायला आले. हातात फुटाण्यांचा डबा. "ह्यो ठिवा तुमच्याकडं. मंगल तिकडं येळेवर जेवाया घालती." मंगल जिन्याखाली उभी होती. या खेपेला वर आली, पाणी प्यायली. माझ्या तोंडावर आले होते की चला, आता तुमची काळजी मिटली. ते गिळले आणि विचारले, "आज?"

काका चक्क हसले. "मॅडम, अजून सकाळचे अकरा वाजलेत."

आता मी नव्या रिक्षावाल्यालाही औरंगपुऱ्यावरून घ्यायला सांगते. आजीबाईंना रस्ते कळत नाहीत असे त्याला वाटते.

काल सहाला फोन लागला नाही. सहा-पाच, सहा-दहा, सहा-वीस. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. साडेसहाला पलीकडून आवाज आला, "वळसे बोलतोय. लाईट नव्हती, फोन मेला व्हता."

"आज?"

"आज नाय."

तर रेवा, तू विचारलेस, वळसेकाका बरे झाले का. मला त्याचे उत्तर रोज सहा वाजता मिळते, आणि ते दुसऱ्या दिवशी सहापर्यंतच पुरते. आत्ता सहाला दहा कमी आहेत. लिहिणे इथे थांबवते.