घराण्यातला आजार

परळच्या इस्पितळात इको तपासणीसाठी माझ्या छातीवर थंड जेली लावताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात कुणाला हृदयविकार?" आणि मला ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीतली ती संध्याकाळ आठवली. मुलीला पाहायला आलेल्या मंडळींच्या हाती पोह्यांच्या बशा होत्या आणि मुलाच्या आईने नेमके हेच विचारले होते. "छे, सगळे ठणठणीत," मी म्हणालो. मुलगी शांतपणे म्हणाली, "नाही बाबा, काका तिशीत हृदयविकारानेच गेले. तो आनुवंशिक आहे, मलाही आहे. गोळ्या चालू आहेत." स्थळ गेले, असे मी मनात म्हटले. "बरं केलंस सांगितलंस. आमच्याकडे साखर आहे गं, आम्हीही गप्पच होतो," त्या बाई हसल्या. मी हातातल्या बशीवरून नजर वर केली नाही. आज डॉक्टरीणबाईंना सांगितले, "भावाला होता, मुलीला आहे." वाक्य सोपे होते, तेव्हाही तितकेच सोपे होते.