भाव पाडणारी बाई

नारायणगावात तेव्हा फ्लॅटला सगळे ब्लॉकच म्हणायचे. नव्वदच्या दशकात आम्ही एस.टी. स्टँडच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक भाड्यानं घेतला. मी जवळच्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा ओतूरला कॉलेजात क्लार्क. दोघांच्याही गावांच्या वडाप जीपा दारातूनच सुटायच्या. मालकांचं खाली बी-बियाण्यांचं दुकान. माणूस तोंडाचा गोड.

गोम होती टमाट्यात. सीझन लागला की बाहेरगावचे व्यापारी उतरायचे आणि स्टँडजवळच्या खोलीला आमच्या चौपट भाडं द्यायचे. मग मालक वर येऊन माझ्या नवऱ्याला म्हणायचे, "पावणं, टमाटं सुरू झालं. दोन-तीन म्हैनं गावाकडं जाऊन या की. ब्लॉक काय पळून जातोय व्हय?"

भाडेकरूला पावणं म्हणण्यातली खोच मला पहिल्याच वर्षी कळली. पाहुण्यानं कधी उठायचं, हे यजमानाच्या हातात. दोन वर्षं आम्ही मुकाट्यानं सामान बांधलं, गावाकडून जाऊन-येऊन नोकऱ्या केल्या, आणि दोन्ही वेळा परत आलो तेव्हा भाडं वाढलेलं होतं.

तिसऱ्या वर्षी नेमक्या आमच्या लेकीला कांजिण्या आल्या. आठच दिवस थांबा, म्हणून मी हात जोडले. "बाई, व्यापारी स्टँडवर उतरलाय," एवढंच ते म्हणाले. अंगभर फोड आलेल्या पोरीला कडुलिंबाच्या पाल्यासकट चादरीत गुंडाळून मी जिना उतरले, आणि व्यापाऱ्याच्या गाद्या वर जाईपर्यंत मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. तिथंच ठरवलं, हा ब्लॉक मी घेणार. याच माणसाकडून घेणार, आणि मातीमोल भावानं घेणार.

आम्ही समोरच्या इमारतीत राहायला गेलो. पुढं काही वर्षांनी मालकांच्या मुलाला पुण्यात घर घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी ब्लॉक विकायला काढला. आमच्याकडं जागा घेणारा माणूस आधी शेजारीपाजारी चौकशी करतो, आणि शेजारी शाळेतली बाई असली तर आधी तिच्याकडंच येतो. बाई खोटं सांगणार नाहीत, असा विश्वास. मी प्रत्येकाला बसवून चहा पाजला. "पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. मोटर लावली की खालचे भांडायला येतात. गाडी लावायला जागा नाही. आणि हो, मंजूर नकाशा मागून घ्या बरं का." एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याचीच मला जास्त मजा वाटायची.

गिऱ्हाईक चहा संपवून परस्पर स्टँड गाठायचं. आजूबाजूच्या ब्लॉकचे भाव दुपटीनं वाढले आणि मालकांचा उतरतच गेला. एजंटनंसुद्धा त्यांचं नाव काढणं सोडलं. मी मात्र त्या काळात जाडजूड झाले, असं नवरा म्हणायचा.

शेवटी मालक स्वतः आमच्या दारात आले. "बाई, आता तुमीच घ्या. दुसरं कुनी घेत न्हाई."

त्यांनी सांगितलेला भाव आधीच पडलेला होता. मी तो आणखी पाडला. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि मान डोलावली. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

आम्ही ब्लॉकमध्ये राहायला गेलो आणि मी रोज सकाळी खालून बादल्या वाहायला लागले. लेक बारावी झाली, तिला पुण्यात शिकायचं होतं. तिच्या फीसाठी एवढा ब्लॉकच काय तो हाताशी होता, म्हणून तो विकायला काढला. वर्षभर कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे मी साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं! ॲडमिशनची मुदत आठवड्यावर आली, तेव्हा कुठं मंचरकडचं एक नवं जोडपं बघायला आलं. दोघांनाही जागा आवडली.

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. मग तो म्हणाला, "खाली बियाण्यांच्या दुकानात चौकशी केली. तिथले आजोबा म्हणाले, आमाला नका इचारू, बाईंनाच इचारा. त्या खोटं बोलत न्हाईत."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं.

"बाई, पाणी चढतं ना वर?"

"चढतं की," मी म्हणाले.

तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यानं नळ सोडला.