रविवारच्या जेवणाची अट

थेल्मा नोस्केच्या सासऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातला द्राक्षमळा विकून विद्यापीठात धर्माच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्तीचा ट्रस्ट केला, तेव्हा एकच अट घातली: निवडलेल्या विद्यार्थ्याने एका रविवारी विश्वस्तांकडे जेवायचं. चाळीस वर्षं ते जेवण विश्वस्त म्हणून थेल्माच रांधत आली होती, आणि पानात दरवर्षी डुकराचं सॉसेज ठरलेलं.

यंदा निवड झाली मासूमाची, पहिल्याच मुसलमान मुलीची. थेल्माने ॲडलेडला गाडी हाकून हलाल मटण आणलं, सॉसेजचा वासही नको म्हणून फ्रीज पुसून काढला. दुसरा विश्वस्त मर्विन झँडर तर इस्लामवरची तीन पुस्तकं वाचून आला.

मटण पुढे आलं तशी मासूमा ओशाळली. "माफ करा, मी मांस खात नाही. लहानपणापासूनच."

मर्विन गडबडला. "पण तुमच्यात तर..."

"गप रे मर्विन!" थेल्मा कडाडली. "तीन पुस्तकं वाचलीस, पोरीला एक फोन नाही केलास! आणि मी तरी कुठे केला?"

तिने बटाटे आणि काकडीचं लोणचं मासूमापुढे सरकवलं. मग ट्रस्टचा कोरा अर्ज काढला. त्यात धर्माविषयी बावीस प्रश्न होते. त्या सगळ्यांच्या वर तिने पेनाने लिहिलं: "जेवायला काय चालतं?"