आधी खांदे, मग कंबर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या सगळ्या भावकीला ठाऊक आहे. ठरलेली सोयरीक मोडायची असेल तर मला बोलवावं, असं चुलत्या म्हणायच्या. तरीही एक गोष्ट मी कितीतरी वर्षं दाताखाली धरून ठेवली, तीही वडिलांपासून.

आबा फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि पलूसजवळच्या आमच्या वस्तीवर ऊस बघायला लागले. उसातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण सऱ्या परेडला उभ्या केल्यासारख्या सरळ असायच्या. थोरल्या भावानं, दादानं, फौजेत जावं अशी त्यांची इच्छा. दादा गेला नाहीच, वर एक जुनी फियाट आणून मोटारींच्या शर्यतीत उतरतो म्हणाला. सत्तरच्या त्या दशकात आमच्या भागात हे म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण होतं. गाडी तो चालवणार आणि मी शेजारी बसून पुढची वळणं सांगणार, असं ठरलं. आबांनी दादाशी बोलणं टाकलं.

शर्यतीच्या नियमात पट्टे सक्तीचे होते. दादानं ते पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. एकेका सीटला चार पट्टे, दोन खांद्यांवरून येणारे, दोन बाजूंनी मांड्यांवर येणारे, आणि चारींचं मिळून पोटावर एक बक्कल. पट्टे अंगणात पसरलेले दिसले आणि आबा गोठ्यातून उठून आले. त्या अख्ख्या गाडीत त्यांना कळेल अशी ही पहिलीच वस्तू होती.

त्यांनी काम चोख केलं, हे मी कुठंही सांगेन. गाडीच्या तळाला भोकं पाडली, खालून लोखंडी पट्ट्या लावून अंगठ्याएवढे बोल्ट आवळले आणि एकेका पट्ट्याला स्वतः लोंबकळून पाहिलं. मग दादाला सीटवर बसवलं.

"आदी खांदं, मग कंबर. आमी फौजेत पाठीवरचा पिठ्ठू असाच बांदायचो. खांदं ढिलं ऱ्हायलं की माणूस वाकतो."

त्यांनी खांद्यांचे पट्टे खेचले, तसं बक्कल बेंबीच्या वर चढलं. मग धोतर कसावं तिथंच, कमरेला, खालचा पट्टा आवळला.

"आबा, श्वास घ्यायचा का न्हाई?" दादानं विचारलं.

"घे की. पर हळू घे."

दोघं हसले. किती दिवसांनी हसले. आई दारातून म्हणाली, "जित्या माणसाला असं बांदत्यात व्हय?" आणि आत गेली. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मला तर बापलेक बोलले याचाच आनंद झाला होता.

मलाही आबांनी तसंच बांधलं. पण वळणं बघायला मला सारखं पुढं वाकावं लागायचं, म्हणून वस्ती मागं पडली की मी खांदे सैल करायचो. मग खालचा पट्टा आपोआप मांडीच्या सांध्याशी घसरायचा. त्यात माझी काही अक्कल नव्हती.

कोयनानगरच्या पुढं घाटात सराव करताना एका वळणावर दरड आलेली होती. दादानं दरी टाळली आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. आम्ही दोघंही जागेवरून हललो नाही. आबांचा एकही बोल्ट निसटला नाही. दादा आपल्या पायानं उतरला, रेडिएटरकडं बघून शिव्या दिल्या, टपरीवर अर्धा कप चहा घेतला. पोट दुखतंय म्हणाला. दुपारपर्यंत त्याचं पोट फळीसारखं कडक झालं. ट्रकमध्ये घालून त्याला साताऱ्याला आणला. आबा संध्याकाळी पोचले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, सदरा वर करायला लावला. माझ्या कमरेच्या हाडांवर पट्ट्याएवढा काळानिळा वळ होता.

"तुझा पट्टा हाडावर होता," ते म्हणाले. "त्याचा वळ बेंबीवर आहे. मऊ पोटात रुतला, आतडं फाटलं. खांदे आधी ओढले की खालचा वर चढतो. कुणी बांधला होता?"

"त्यानंच," मी म्हणालो.

बाहेर दाराशेजारच्या बाकड्यावर आबा दादाच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. "काय म्हनला डाक्टर?"

"मार लय हाय म्हनला."

दादा परत शुद्धीवर आला नाही.

त्यानंतर जो भेटायला येईल त्याला आबा सांगायचे, "पट्टा हुता म्हणून गडी जाग्यावर ऱ्हायला. न्हाईतर काच फोडून दरीत गेला असता. निदान तोंड तरी बघाय गावलं." दहाव्याला सांगितलं, तेराव्याला सांगितलं, उसाच्या टोळीला सांगितलं. मला त्यांचा संताप यायचा. एकदा तरी ओरडून सांगावं आणि हे बंद करावं, असं वाटायचं. मग त्यांचे बोल्ट आवळणारे हात आठवायचे आणि मी उठून पाण्याची पाळी बघायला जायचो.

काही वर्षांनी मला कोयनेला नोकरी लागली, साहेबांची जीप चालवायची. रोजचा घाट. पहिल्या सुट्टीला जीप घेऊन वस्तीवर आलो, तर आबांनी ट्रंकेतून माझे ते पट्टे काढले. धुऊन घडी घालून ठेवले होते. दिवसभर खपून त्यांनी ते जीपला बसवले आणि मला म्हणाले, "बस."

मी बसलो. त्यांनी खांद्यांना हात लावला नाही. आधी खालचा पट्टा घेतला, दोन्ही तळव्यांनी दाबत दाबत पार मांडीच्या सांध्याशी नेला, हाडं चाचपून पाहिली आणि तिथं आवळला. खांदे मग, तेही बेतानं. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. दवाखान्यातलं ते बाकडं डॉक्टरांच्या दाराला अगदी लागून होतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून जाणारा एक शेजारी थांबला. "हवालदार, हे आनि कशाला?"

"थोरल्याला पट्टा हुता म्हणूनच जाग्यावर ऱ्हायला," आबा म्हणाले. "न्हाईतर दरीत गेला असता." मग माझ्याकडं वळले. "व्हय का न्हाई रं?"

"व्हय आबा," मी म्हणालो. "पट्ट्यामुळंच ऱ्हायला."