सलीमच्या घोडदळावर माझ्या तोफा

आता कसं सांगू तुम्हाले! लोक आयुष्यात कधीमधी माती खातात. मी अख्खं वावर खाल्लं, तेही बांधासकट. अन् खाऊन झाल्यावर समजलं, की ते वावर आपल्या सगळ्यात जवळच्या दोस्ताचं होतं. हसा, हसा. चहा घ्या अन् हसा. सांगताना मलेही हसू येते, घरी गेल्यावर येत नाही.

आधी आमचं खूळ काय ते सांगतो. उमरखेडात आम्ही चौघं दर रविवारी दुपारी लढाया खेळतो. पत्ते नाही, कॅरम नाही, लढाया! खडसे डॉक्टर, म्हणजे गुरांचे डॉक्टर, त्यांच्या वरच्या हॉलमध्ये प्लायवूडचं मोठं टेबल आहे. त्यावर हिरवं कापड, निळ्या रेक्झिनची नदी, खराट्याच्या काड्यांची झाडं अन् बोटाएवढे शिपाई. फासे टाकायचे, फूटपट्टीनं मोजून फौजा सरकवायच्या अन् इतिहासातल्या खऱ्या लढाया पुन्हा लढायच्या. त्यापायी हप्ताभर जाडजूड पुस्तकं वाचायची. माझी बायको याले म्हाताऱ्यांची भातुकली म्हणते.

डॉक्टर आमचे पंच. माझ्यासमोर खेळायले राठोड सर, शाळेत गणित शिकवतात. अन् सलीम. सलीमचं बसस्टँडमागं मोटर वाइंडिंगचं दुकान. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. जळक्या मोटरीतून निघालेल्या तांब्याच्या तारेचे त्यानं घोडे वळले होते, वर स्वार, स्वाराच्या हातात भाला. असं घोडदळ नागपुरातही कोणाकडं नसेल, मी पैजेवर सांगतो.

अन् मी? मी मोजणीदार. जिंदगी लोकांच्या शेताचे बांध मोजण्यात गेली. त्यामुळं नकाशा दिसला की मले वाटते, याच्यातलं आपल्यालेच समजते. त्यात पुस्तकं वाचलेली. म्हणजे विचारूच नका! डॉक्टर लढाईचं नाव सांगत नसत. फौजांची नावं बदलत, टेबल उलटंपालटं मांडत, म्हणजे कोणी पुस्तकातलं उत्तर पाहून गणित सोडवू नये. पण मी टेबलाकडं एक नजर टाकायचो अन् लढाई ओळखायचो. लई मिरवलो त्याच्यावर.

तर झालं काय, सलीमची बायको गेली अन् तो एकटा पडला. पोरगा हैदराबादले, तो म्हणे अब्बा, दुकान बंद करा, इकडं या. सलीम नाही-नाही करत शेवटी तयार झाला. सोमवारची बस ठरली. आदल्या हप्त्यात दुकानात बसलो होतो, तर म्हणतो कसा,

"विनू, इतके दिवस टेबलावर तुह्या विरोधातच लढलो. एक बार तुह्या बाजूनं खेळू दे ना यार. संगं जिंकू, मंग जातो."

"जिंकू काय बे, राठोड सरांची धूळधाण करू!" मी म्हटलं. छाती ठोकून म्हटलं.

बस, माणसानं मागून मागून एवढंच मागितलं होतं. मित्राच्या बाजूनं एक लढाई, अन् ती जिंकायची.

रविवारी डॉक्टरांनी टेबलावरची चादर काढली अन् माझी ट्यूब पेटली. नदीचं वळण. काठावर आमराई. आमराईत राठोड सरांची छोटी फौज. समोर उघड्यावर मी, तोफा घेऊन. अन् दूर डावीकडं, सगळंच्या सगळं घोडदळ घेऊन, सलीम.

पलाशी! अहो, शाळेच्या पुस्तकातली प्लासी! आमराईत कंपनीची मूठभर माणसं, मैदानात नवाबाची ही एवढी फौज, अन् नवाबाचाच सरदार मीर जाफर बाजूले घोडदळ घेऊन गप उभा. आतून फुटलेला. हललाच नाही, अन् नवाब बुडाला. आता या टेबलावर नवाब कोण? मी. मंग मीर जाफर कोण?

आमच्यात एक पद्धत आहे. खेळाआधी डॉक्टर एकेकाले गॅलरीत नेऊन कानात गुपित हुकूम सांगतात. मले सांगितलं, "आमराई घ्यायची, बाकी काही नाही." एका मिनिटात काम झालं. सलीम गेला तो येईचना! गॅलरीतून मले नुसती कुजबुज ऐकू येऊन राह्यली. आला तर माझ्याकडं पाहीना. नाक पुसत घोड्यांजवळ जाऊन उभा राह्यला. मी मनात म्हटलं, हं! विनायकराव, सांभाळा.

खेळ सुरू झाला. डॉक्टरांनी हवामानाचा फासा टाकला तर काय, पाऊस! माझ्या तोफांची दारू ओली, तोफा बंद. आता पलाशीतही पाऊसच पडला होता अन् नवाबाचीच दारू भिजली होती. सांगा बरं, माणसाले याच्यावर अजून काय पुरावा पाहिजे?

राठोड सर आमराईतून गोळ्या झाडून राह्यले, माझे शिपाई पटापट पडून राह्यले. एका बाजूच्या दोघांनी आपसात बोलायचं नाही, असा नियम. निरोप डॉक्टरांमार्फत जाणार, तोही एक डाव उशिरा. मी निरोप दिला, "घोडे पुढं काढ."

उत्तर आलं, "जरासा थांब."

पुन्हा निरोप धाडला, "सलीम, मी मरून राह्यलो इकडं!"

"बस थोडं, विनू. भरवसा ठेव."

भरवसा! मीर जाफरनंही नवाबाले भरवसाच दिलता, तोही शपथ घेऊन. माझं टाळकंच सरकलं. समोर टेबलापलीकडं शाळेपासूनचा दोस्त उभा आहे, हे मी विसरलो. मले फक्त पुस्तकाचं पान दिसून राह्यलं होतं.

अन् तेवढ्यात घोडदळ हललं. पण आमराईकडं नाही, सरळ माझ्याकडं!

"डॉक्टर, माझी दारू वाळली का?"

"वाळली."

"मंग तोफा डावीकडं फिरवा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "डावीकडं सलीमभाई आहेत, विनायकराव."

"माहीत आहे मले."

"विचार करा बावा. हुकूम दिला की परत घेता येत नाही."

राठोड सर बिचारे हात हलवून सांगून राह्यले, "अहो सर, दुश्मन मी आहे! मी इकडं आहे, आमराईत!"

"फिरवा म्हटलं ना!"

आता आमच्या खेळात माझ्या फाशाची कीर्ती काय सांगू? माझा फासा म्हणजे मेलेलं जनावर. सहा म्हणून कधी पडला नाही. त्या दिवशी टाकला, सहा. पुन्हा टाकला, सहा. जितक्या वेळा टाकला तितक्या वेळा सहा! सलीमचं घोडदळ जागच्या जागी साफ. दुपारभर गप बसलेल्या माझ्या तोफा पहिल्यांदा बोलल्या, त्या अशा.

अन् मी काय केलं? शांत बसलो? नाही! खुर्चीवरून उठून भाषण ठोकलं.

"ओळखली की नाही डॉक्टर? पलाशी! नवाबानं मीर जाफरले वेळेवर ओळखलं असतं तर हिंदुस्थानचा इतिहास बदलला असता. आज मी ओळखलं!"

मले वाटलं आता टाळ्या पडतील.

"मीर जाफर?" सलीमनं हळूच विचारलं. "कोण? मी?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विनायकराव, ही पलाशी नाही. इतिहासातली कोणतीच लढाई नाही. हे आपल्या पैनगंगेचं वळण आहे. शाळा बुडवून तुम्ही दोघं जिथं पोहायले जायचे ते. अन् ही ती आमराई, जिथं कैऱ्या चोरताना दोघांनी संगं मार खाल्ला. सलीमभाईंनीच मले असं मांडायले सांगितलं होतं."

मी खाली पाहिलं. खरंच की हो! तेच वळण, तोच उतार. अख्ख्या तालुक्याचे नकाशे माझ्या हाताखालून गेले, अन् आपल्या गावची नदी मले बंगालची वाटली!

"मंग घोडे माझ्याकडं काहून येऊन राह्यले होते?" मी विचारलं.

राठोड सर बोलले, कारण त्यांनाही तोवर समजलं होतं. "सर, दोन सरदार एकमेकांले टेकले की एकाले आपली फौज दुसऱ्याच्या हाती देता येते. आपलाच नियम आहे ना."

"शेवटचा हल्ला तुमच्या हातून व्हावा, अशी त्यांची इच्छा होती," डॉक्टर म्हणाले. "अन् खेळ झाल्यावर ते घोडे तुम्हीच ठेवायचे होते, कायमचे. मघा गॅलरीत तेच सांगून राह्यले होते. डोळे भरून आलते त्यांचे."

तुम्ही म्हणाल, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं असेल. वाटलं ना! पण खाली डॉक्टरांचा दवाखाना होता.

सलीमनं एकेक घोडा उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवला. एकाचा भाला वाकला होता, तो बोटानं सरळ केला. मी म्हटलं, "सलीम, ऐक तर," तर म्हणाला, "अरे खेळ आहे यार. खेळात होते." चहा तसाच ठेवून जिना उतरून गेला. डबा घेऊन गेला.

रातभर डोळ्याले डोळा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच बसस्टँडवर पोचलो. सलीम खिडकीशी बसला होता, मांडीवर तोच डबा. मी खालून खिडकीचे गज धरले.

"सलीम, चुकलं रे माझं. जास्त वाचून डोकं फिरलं. पुस्तकात होतं म्हणून..."

"छोड ना बे," तो म्हणाला. अन् हसला पण. मले बरं वाटलं. म्हटलं, चला, मिटलं. तेवढ्यात तो वाकून हळूच म्हणाला, "एक विचारू, विनू? माह्या जागी राठोड सर असते, तरी फिरवल्या असत्या का तोफा?"

लगेच हो म्हणायचं होतं. एवढंसं काम. शेकडो लढायांत कोणता सरदार कुठं उभा होता ते मी झोपेतही सांगतो, अन् एका अक्षराचं उत्तर तोंडातून निघेना. मी खरंच विचार करून राह्यलो होतो! अन् सलीम माझ्याकडं पाहत होता. मी विचार करतो आहे, हे त्याले दिसलं. तेच वाईट झालं. लाज वाटली, आजही वाटते.

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. मी भानावर आलो अन् धावत सुटलो, हात वर करून, जीव खाऊन ओरडत, "फिरवल्या असत्या! राठोडवरही फिरवल्या असत्या! पहिले त्याच्यावरच फिरवल्या असत्या!"

अख्खा बसस्टँड पाहून राह्यला. सलीमनं ऐकलं की नाही, मले माहीत नाही. बस गेली हैदराबादच्या रस्त्यानं.

मी दम खात मागं वळलो. तर मागं कोण उभं? राठोड सर! सलीमले निरोप द्यायले आलते, हातात केळ्यांची पिशवी. तोंड इतकंसं झालं होतं त्यांचं.

"काहून हो सर?" ते म्हणाले. "मी काय केलतं तुमचं?"

आता रविवारी डॉक्टरांचा हॉल बंद असतो. राठोड सर कॅरम खेळायले जातात. मी घरीच जेवणाच्या टेबलावर फौजा मांडतो अन् दोन्हीकडून एकटाच खेळतो. त्यातही परवा अर्ध्यावर खेळ मोडला. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, समोरचा माणूस मले बरोबर वाटून नाही राह्यला.